हात बसेपर्यंत

डीएम कार्डिऑलॉजीला, म्हणजे हृदयविकारांच्या तीन वर्षांच्या शिक्षणाला, नवा आलेला मुलगा कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळी घालून हृदय तपासायच्या खोलीत, पहिले काही महिने एकच काम मन लावून करतो. तो दाबतो. पेशंटच्या जांघेतली शीथ, म्हणजे धमनीत शिरायला ठेवलेली आखूड नळी, काढायची, धमनीला जिथे भोक पडलंय त्याच्या जरा वर तीन बोटं रोवायची आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच उभं राहायचं. हात बदलायचा नाही. थांबलं का म्हणून मधेच उचलून बघायचं नाही. फार जोर लावला तर पाय गार पडतो, कमी लावला तर मांडी सुजून टरारते, आणि भोक चुकून वरच्या अंगाला पडलेलं असेल तर रक्त पोटामागे उतरत राहतं नि बाहेर एक थेंब दिसत नाही. पेशंट नुसता म्हणतो, "डॉक्टर, कंबर भरून आलीय." ज्याने हे वाक्य एकदा ऐकलं आणि त्यानंतरचा तासभर निस्तरला, तो पुन्हा कुणाच्या कंबरदुखीकडे दुर्लक्ष करत नाही.

हा दाबणारा मुलगा साधारण तिशीचा असतो. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडी मेडिसिनची तीन, प्रत्येक टप्प्याला नीट आणि त्यात गेलेलं एखादं वर्ष, मग नीट-एसएस या पुढच्या प्रवेश परीक्षेत देशभरातल्या एमडींशी झुंजून मिळवलेली ही सीट. गावाकडे त्याच्या नावाचे फ्लेक्स लागून उतरलेले असतात. बरोबरीचे इंजिनीयर मित्र एव्हाना दुसऱ्या फ्लॅटचे हप्ते भरत असतात. आणि हा इथे कुणा अनोळखी माणसाच्या जांघेवर वाकून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा. मला विचाराल तर या शिक्षणातली ही सगळ्यात चांगली योजना आहे, फक्त ती कुणी मुद्दाम योजलेली नाही. पुढच्या तीन वर्षांत तो जी भोकं पाडणार आहे ती बुजायला किती वेळ लागतो, हे त्याच्या बोटांना आधीच कळून जातं.

मी डॉक्टर नाही. मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या कॅथलॅबमध्ये टेक्निशियन म्हणून माझी सगळी नोकरी झाली, आता रिटायर झालोय. टेबलापाशी डॉक्टर पडद्यावर धमन्या बघत असतात, तेव्हा काचेमागे माझी नजर दुसऱ्या पडद्यावर असते. त्यावर ईसीजी आणि खाली प्रेशरची रेघ. कॅथेटरचं, म्हणजे आत सरकवलेल्या लांब नळीचं, टोक हृदयाच्या धमनीच्या तोंडाशी नीट बसलं की रेघ डौलात वरखाली होते. टोक जास्त आत घुसलं किंवा भिंतीला टेकलं की ती चपटी पडते. याला आम्ही 'डॅम्प' म्हणतो. अशा वेळी डाय, म्हणजे एक्स-रेत धमनी दिसावी म्हणून सोडायचं द्रव्य, मारला तर धमनीची आतली भिंत सोलून निघू शकते, हृदय नुसतं थरथरत राहू शकतं. म्हणून काचेमागून ओरडायचं, "सर, डॅम्प!" नवा मुलगा दचकून अख्खा कॅथेटर बाहेर ओढतो. सहा-आठ महिने झालेला सूतभर मागे घेतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलाने मी तोंड उघडायच्या आत हात सैल केलेला असतो. कोण किती शिकला याचा माझा हिशेब एवढाच. परीक्षा घ्यायला बाहेरून येणाऱ्या सरांना तो कधी कुणी सांगितला नाही.

अँजिओप्लास्टीची, म्हणजे तुंबलेली धमनी फुग्याने उघडण्याच्या कामातली, वायर जाडीला ०.०१४ इंच असते, म्हणजे मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहून किंचित जास्त. लांबीला जवळजवळ दोन मीटर. तिच्या टोकाला डॉक्टर स्वतः बारीकसा बाक देतो आणि मग बाहेर, मनगटापाशी, चिमटीत धरून ती फिरवत फिरवत आतल्या फांद्यांतून नेतो. चिमटीत वळवलेलं टोकापर्यंत पोचायला क्षणभर लागतो, कधी पोचतच नाही, कधी एकदम उडी मारून पोचतं. पतंग दिसेनासा झाला तरी मांज्यावरच्या बोटाला त्याचं कळत असतं, तसं हे. पडद्यावर जे दिसतं ते फक्त सावली आहे, सपाट आणि काळी-पांढरी. वायर खऱ्या वाटेने चाललीय की ब्लॉकच्या फटीतून भिंतीच्या आत शिरलीय, हे कधीकधी दिसायच्या आधी बोटाला लागतं. पुस्तकात हे लिहून ठेवता येत नाही असं नाही, लिहिलेलं आहे. वाचून येत नाही इतकंच.

काही मुलांचा हात पहिल्या दिवसापासून मऊ असतो. काहींचा डोळा तल्लख पण हात राकट. एमडीला सुवर्णपदक घेऊन आलेला, ईसीजी बघून धमनी नेमकी कुठे बंद आहे ते सांगणारा मुलगा मी टेबलावर घामाघूम झालेला पाहिलाय, कारण मनगटातली धमनी आवळली गेली आणि कॅथेटर पुढेही जाईना, मागेही येईना. मनगटातून हृदयापर्यंत जाण्याची वाट मॉन्ट्रियलच्या ल्युसियाँ कॅम्पो यांनी १९८९ मध्ये अँजिओग्राफीसाठी दाखवली आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या फर्डिनांड किमेनी यांनी १९९२ मध्ये तिथूनच अँजिओप्लास्टी करून दाखवली. पेशंटच्या दृष्टीने सुखाची सोय, लगेच उठून चहा पिता येतो. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र नवी आफत. मनगटातली धमनी बारीक नि मानी असते. तिच्याशी घाई केली की ती धरून ठेवते. अशा वेळी नायट्रोग्लिसरीन द्यायचं, पेशंटशी गप्पा मारायच्या, आणि थांबायचं. पेशंट जागा असतो, हे या कामातलं मोठं वेगळेपण. सर्जनचा पेशंट झोपलेला असतो. इथे तो सगळं ऐकतो. "अरे, अरे, असं नाही" हे सरांनी रजिस्ट्रारला, म्हणजे शिकाऊ डॉक्टरला, म्हटलेलं त्याच्या कानावर पडतं, आणि त्याचा पल्स माझ्या पडद्यावर वर जातो. म्हणून आमच्याकडे टेबलावर शिकवण्याची एक भाषाच तयार झाली होती. "छान, आता जरा थंड घे" याचा अर्थ होता, ताबडतोब थांब.

या सगळ्याची सुरुवात ज्यांनी केली त्यांच्या मागे उभं राहणारं कुणी नव्हतं. एबर्सवाल्डे या जर्मन गावातल्या रुग्णालयात १९२९ मध्ये वेर्नर फोर्समान नावाच्या पंचवीस वर्षांच्या शिकाऊ डॉक्टरला वाटलं की हाताच्या शिरेतून नळी सरकवली तर ती हृदयात पोचेल. वरिष्ठांनी मनाई केली. निर्जंतुक साहित्याच्या चाव्या गेर्डा डिट्झेन या नर्सकडे होत्या. ती स्वतःवर प्रयोग करून घ्यायला तयार झाली. फोर्समानने तिला टेबलावर बांधलं आणि नळी मात्र स्वतःच्या डाव्या हातात घातली. तशीच ती घेऊन चालत एक्स-रे विभागात गेला आणि टोक हृदयात असल्याचा फोटो काढून घेतला. त्याबद्दल त्याला शाबासकी कमी आणि बोलणी जास्त मिळाली. तो पुढे मूत्रविकारांचा डॉक्टर झाला आणि १९५६ मध्ये त्याच नळीसाठी नोबेल मिळालं. क्लीव्हलंडला १९५८ मध्ये मेसन सोन्स यांच्याकडून डाय चुकून थेट उजव्या कोरोनरीत, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीत, गेला. पेशंटचं हृदय थांबलं, सोन्सनी त्याला खोकायला सांगितलं, आणि ते पुन्हा चालू झालं. त्या चुकीतून कोरोनरी अँजिओग्राफी आली. आजही आमच्या लॅबमध्ये ठोके मंदावले की डॉक्टर पेशंटला "खोका, काका, जोरात खोका" म्हणतात.

मला यातलं सर्वांत जवळचं वाटतं ते आंद्रेआस ग्रुंटझिगचं. झुरिकमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुग्याचे कॅथेटर बनवणारा हा माणूस. १६ सप्टेंबर १९७७ रोजी त्याने ३८ वर्षांच्या अ‍ॅडॉल्फ बाखमान यांच्या हृदयाच्या डाव्या धमनीतला ब्लॉक फुग्याने उघडला. जगातली पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी. हा पेशंट ग्रुंटझिगपर्यंत पोचवला होता वॉर्डातल्या बेर्नहार्ड मायर नावाच्या तरुण डॉक्टरने, जो पुढे स्वतः या क्षेत्रातला मोठा माणूस झाला. बाखमानना बायपास करायचं ठरत होतं. ग्रुंटझिगने त्यांना समोर बसून सांगितलं होतं की हे माणसाच्या हृदयात याआधी असं कुणी केलेलं नाही आणि तुम्ही पहिले असाल. शस्त्रक्रियेची टीम तयार ठेवली होती. फुगा फुगवला तेव्हा सगळ्यांना वाटलेलं अघटित काही झालं नाही. दहा वर्षांनी पुन्हा अँजिओग्राफी केली तेव्हा ती जागा उघडीच होती. मधल्या काळात, १९८५ मध्ये, ग्रुंटझिग स्वतः चालवत असलेलं विमान कोसळून गेला होता.

पण त्याने जगाला शिकवलं कसं, हे मला फुग्याइतकंच मोलाचं वाटतं. १९७८ पासून त्याने झुरिकला वर्ग घेतले. टेबलावर पेशंट, आणि शेजारच्या सभागृहात जगभरातून आलेले डॉक्टर टीव्हीच्या पडद्यावर तेच त्याच क्षणी बघतायत. जमलं तर सगळ्यांसमोर, फसलं तरी सगळ्यांसमोर. पुढे तो अटलांटाच्या एमरी विद्यापीठात गेला. तिथे त्याच्या हाताखाली शिकलेल्या डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलरिकल यांनी भारतात अँजिओप्लास्टी रुजवली. आज मुंबई-पुण्यात जे सर शिकवतात, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा हात दोन-तीन पिढ्या मागे झुरिकच्या त्या टेबलाशी जाऊन मिळतो.

आता माझ्या मनातलं खरं बोलतो. हात बसतो, पण तो बसतो कुणावर?

आमच्या लॅबच्या बाहेर एक लांब लाकडी बाक होता. त्यावर बसलेली माणसं भिवंडी, मानखुर्द, पालघर, कधी पार परभणी-हिंगोलीहून आलेली. हातात केशरी किंवा पिवळं रेशनकार्ड, जनआरोग्य योजनेचे कागद, एक्स-रेची मोठी पिशवी. पूर्वी राजीव गांधी जीवनदायी, २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य. नाव बदललं, बाक तोच. खासगी रुग्णालयातला, विम्यावर आलेला पेशंट शिकाऊ हाताखाली फारसा येत नाही. तिथे नाव पाहूनच माणूस दाखल होतो. जनरल वॉर्डात दाखल होणारा मात्र रुग्णालयात दाखल होतो, डॉक्टरकडे नव्हे. म्हणजे मुंबईतल्या काचेच्या इमारतींत ज्या सफाईने स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणाऱ्या जाळ्या, बसतात, ती सफाई या बाकावरच्या माणसांच्या काळजावर मिळवलेली असते. कुणी हे लपवत नाही, पण कुणी मोठ्याने बोलतही नाही. संमतीपत्रावर अंगठा किंवा सही असते. ती कुठल्या हातासाठी आहे हे त्यावर छापलेलं नसतं.

याला उत्तर म्हणून 'मग शिकायचं कुणावर' असं विचारतात, आणि तेही खोटं नाही. सिम्युलेटर आलेत, मी त्यावर मुलांना खेळताना पाहिलंय. दिशा कळते, क्रम पाठ होतो. पण सिम्युलेटरला घाम येत नाही आणि त्याची बायको बाहेर बाकावर नसते. शिवाय शिकाऊ हाताखाली गेलेला पेशंट दरवेळी वाईट हातात पडतो असंही नाही. सार्वजनिक रुग्णालयात तो एकाऐवजी तीन डोक्यांसमोर असतो. रात्री तीनला झटका घेऊन आलेल्याला तिथे कुणीतरी जागं सापडतं, आणि ते बहुधा दुसऱ्या वर्षाचं पोरगं असतं जे गेले छत्तीस तास झोपलेलं नाही. हेही चांगलं म्हणू की वाईट, मला कळत नाही.

आमच्याकडे एक सर होते, त्यांचा नियम होता. हात ज्याचा, तोंडही त्याचंच. केस रजिस्ट्रार करणार असेल तर बाहेर जाऊन नातेवाइकांशी त्यानेच बोलायचं, आधी आणि नंतरही. "करणार मी आहे. माझ्या शेजारी सर उभे असतील." एवढं मराठीत, हिंदीत, जमेल त्या भाषेत सांगायचं. पोरं याला टेबलापेक्षा जास्त घाबरायची. एकदा पॉवरलूमवर काम करणाऱ्या माणसाच्या बायकोने सरळ विचारलं, "आधी किती केल्यात तुम्ही?" त्या मुलाने खरा आकडा सांगितला. फार मोठा नव्हता. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अडलं तर ते मोठे डॉक्टर हात लावतील ना?" मुलाने हो म्हटलं. त्यांनी सही केली. वैद्यकीय नीतिशास्त्रावर चर्चासत्रं होतात, त्यांत हा प्रश्न इतक्या सोप्या शब्दांत मी कधी ऐकला नाही.

कारण सगळं त्या 'हात लावतील ना'वर अडलेलं असतं. शिकवणारे मी दोन टोकांचे पाहिले. एक, जो वायर दोनदा फांदीत अडकली की "दे इकडे" म्हणून खेचून घेतो. त्याच्याकडचा मुलगा तीन वर्षांनी उत्तम मदतनीस होऊन बाहेर पडतो. दुसरा, जो बाहेर फोनवर असतो आणि वायर घुसली, फुगा आत गेला, धमनी फाटली की बोलावला जातो. धमनीला भोक पडलं की डाय धमनीबाहेर धुरासारखा पसरतो. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठतं आणि माझी रेघ खाली उतरायला लागते, शंभर, ऐंशी, साठ. तेव्हा फुगा तिथेच फुगवून भोक दाबून धरायचं, रक्त गोठू न देणाऱ्या हेपरिनचा परिणाम उतरवायचा, छातीखालून सुई घालून रक्त काढायचं, आणि हे सगळं दोन-चार मिनिटांत. त्या दोन-चार मिनिटांत फोनवरून आत येणारा माणूस उपयोगाचा नसतो.

ते नियमवाले सर स्क्रब होऊन, ग्लोव्ह्ज घालून, हाताची घडी घालून रजिस्ट्रारच्या खांद्यामागे उभे राहायचे. बोलायचे कमी. त्यांचा एक शब्द ठरलेला होता, "सोड." तो ऐकला की हातात काय आहे, कुठवर आलंय, हे न बघता मुलाने बाजूला सरकायचं. कारण नंतर विचारायचं, आधी नाही. मी पाहिलंय, वायर पुढे जाणं मुलं वर्षभरात शिकतात. 'सोड' म्हटल्यावर सोडणं मात्र काहींना तिसऱ्या वर्षातही जमत नाही. आणखी एकदा बघतो, सर, बस एकदा. त्या एकदाला सरांनी कधी परवानगी दिली नाही.

माझ्या मेहुण्याला झटका आला तेव्हा मी ड्युटीवर नव्हतो. त्याला आमच्याच रुग्णालयात आणला. त्या रात्री कॉलवर जो तिसऱ्या वर्षाचा मुलगा होता, त्याच्या हाताची मी चारचौघांत तारीफ करायचो. बॅचमध्ये त्याच्यासारखा दुसरा नाही म्हणून सांगायचो. आणि तरीही मी पहिला फोन सरांना केला. सर जवळच राहत, टीम जमेपर्यंत पोचलेही. केस त्यांनी स्वतः केली, तो मुलगा दुसरा म्हणून उभा राहिला, आणि त्याने चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. मेहुणा ठणठणीत आहे. त्या मुलावर माझा विश्वास नव्हता असं मुळीच नाही. मला फोन करता येत होता आणि बाकावरच्या बाकी कुणाला येत नव्हता.

आपल्याकडच्या मुलांना एक गोष्ट अशी शिकायला मिळते जी अमेरिकेतल्यांना क्वचितच मिळते. मायट्रल, म्हणजे हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या, झडपेचा फुगा. लहानपणी घसा दुखला, सांधे सुजले, तो वाताचा ताप अंगावर काढला, आणि विशी-पंचविशीत झडप आवळत गेली. अशा बायका अजूनही येतात, कित्येकदा पोटुशा असताना, कारण बाळाचं ओझं पेललं जात नाही तेव्हाच दम लागायला लागतो. कांजी इनोउए या जपानी सर्जनने १९८२ मध्ये यासाठी खास फुगा वापरला, मधे कंबर असलेला, जो झडपेच्या तोंडात अडकून फुगतो. त्यासाठी हृदयाच्या उजव्या कप्प्यातून डाव्यात जायला मधल्या पडद्याला सुई टोचावी लागते. बोटभर इकडेतिकडे झालं तर सुई महाधमनीत किंवा हृदयाबाहेर. त्या टोचण्याच्या क्षणी लॅबमध्ये कुणी बोलत नाही. पण माझ्या नोकरीतलं सगळ्यात सुंदर दृश्य यानंतरचं. माझ्या पडद्यावर डाव्या कप्प्यांच्या दोन रेघा असतात, वरच्या कप्प्याची आणि खालच्याची, आणि त्यांच्यात मोठं अंतर. फुगा काही सेकंद फुगतो, उतरतो, आणि दोन्ही रेघा एकमेकींवर येऊन बसतात. ती बाई टेबलावर पडल्या पडल्याच मोठा श्वास घेते. स्टेंट टाकून काय मिळालं हे पेशंटला अँजिओग्राफीचा सिनेमा लावून दाखवावं लागतं, इथे दाखवावं लागत नाही.

केसच्या आकड्यांचं एक वेगळंच आहे. अमेरिकेत जनरल कार्डिऑलॉजीची तीन वर्षं झाल्यावर इंटरव्हेन्शनल, म्हणजे वायर-फुग्याचं काम, शिकायला आणखी एक वर्ष लागतं आणि त्यात किमान २५० अँजिओप्लास्टी कराव्या लागतात. आपल्याकडे डीएमच्या तीन वर्षांतच सगळं, इको, पेसमेकर, वॉर्ड, आयसीयू, थिसिस आणि कॅथलॅब. ज्याला पुढे हवं तो एफएनबी हे दोन वर्षांचं पुढचं प्रशिक्षण करतो किंवा कुठल्या मोठ्या सरांकडे फेलो म्हणून राहतो. बाकीचे थेट बाहेर पडतात. त्यामुळे मुलांची भूक दिसायची. "काका, आज किती पोस्टेड आहेत?" हा सकाळचा पहिला प्रश्न. केलेल्या केसेसची लॉगबुक भरायची असते. आणि भुकेल्याला ब्लॉक जरा जास्तच मोठा दिसतो, सत्तर टक्क्यांचा ऐंशी होतो. यात पैशाचा संबंध नाही, सार्वजनिक रुग्णालयात कुणाला कमिशन मिळत नव्हतं. ही शिकण्याची हाव आहे, आणि ती पैशाच्या हावेइतकीच नजर फिरवते असं माझं मत आहे.

झटका चालू असताना धमनी उघडणं जीव वाचवतं, त्यात वाद नाही. पण चालताना कधीमधी छातीत भरून येणाऱ्या स्थिर पेशंटचं तसं नाही. २००७ चा 'करेज' अभ्यास आणि २०१९ मध्ये निकाल जाहीर झालेला, पाच हजारांवर पेशंट असलेला 'इस्केमिया' अभ्यास, दोन्हींनी दाखवलं की अशा बहुतेकांना चांगल्या गोळ्यांवर ठेवलं तर स्टेंटमुळे मृत्यू काही जास्त टळत नाहीत. छातीतलं दुखणं कमी होतं, तो फायदा खरा आहे. हे सगळं मुलांना तोंडपाठ असतं, परीक्षेत विचारतात. टेबलावर पेशंट असताना, वायर हातात असताना आठवतं की नाही, हा प्रश्न. ते सर अशा वेळी मला सांगायचे, "प्रेशर वायर काढा." ब्लॉकच्या पुढचं प्रेशर आणि मागचं प्रेशर यांचं गुणोत्तर यंत्र देतं. ०.८० किंवा खाली असेल तर ब्लॉक खरा अडवतोय, वर असेल तर बहुधा नाही. पडद्यावर ०.८७ येऊन थांबलं आणि सर "शीथ काढा, झालं" म्हणाले की रजिस्ट्रारचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. अख्खी केस हातची गेली, आणि लॉगबुकात लिहायला काही नाही. माझ्या मते त्या दिवशी त्याने सगळ्यात अवघड केस शिकलेली असायची, पण हे त्याला कोण सांगणार.

२०१७ च्या फेब्रुवारीत सरकारने स्टेंटच्या किमतीला चाप लावला. औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६०. त्याआधी लाखाच्या घरात ऐकलेला आकडा. बाकावरचे लोक त्याला 'स्प्रिंग' म्हणत, "स्वस्त स्प्रिंग का महाग?" असं दबक्या आवाजात विचारत. त्या वर्षानंतर तो प्रश्न कमी झाला. बाकीचे खर्च कुठे कसे वाढले ते खासगीतल्यांनी लिहावं.

एक्स-रेच्या किरणांबद्दल मुलं बेफिकीर असतात. पाच-सात किलोचा लीड एप्रन दिवसभर अंगावर, पाठी पस्तिशीतच कामातून जातात. पेशंटच्या उजव्या बाजूला उभं राहायचं म्हणजे आपली डावी बाजू ट्यूबच्या जवळ. कॅथलॅबमध्ये काम केलेल्या डॉक्टरांमधल्या मेंदूच्या गाठींच्या ३१ केसेस २०१३ मध्ये एकत्र मांडल्या गेल्या. गाठ कुठल्या बाजूला हे माहीत असलेल्या २६ पैकी २२ डाव्या बाजूच्या होत्या. यावरून सिद्ध काही होत नाही, पण मुलांना घाबरवायला मी तो आकडा वापरायचो. वर्षाला सरासरी २० मिलिसिव्हर्टची मर्यादा आहे, छातीवर किरणं मोजणारा टीएलडी बॅज लावायचा असतो. आणि माझ्या डोळ्यांनी मी बॅज लॉकरमध्ये ठेवून केसला उभे राहिलेले रजिस्ट्रार पाहिलेत, आकडा वाढला तर लॅबमधून बाहेर काढतील म्हणून. मुली या शाखेत इतक्या कमी का येतात, यावर गंभीर चेहऱ्याने बोलणारे पुष्कळ भेटले. गरोदर रजिस्ट्रारला तीन वर्षांच्या वेळापत्रकात कुठे बसवायचं, याचं उत्तर असलेला एकही भेटला नाही. एक मुलगी बाळंतपणानंतर परत आली आणि राहिलेल्या केसेस तिने रात्रपाळ्या मागून घेऊन पुऱ्या केल्या. तिच्या वाट्याला दाबायचं काम पुन्हा आलं तेव्हा तिने हूं की चूं केलं नाही. तिचा हात आज विदर्भात एका मोठ्या लॅबमध्ये चालतो.

डीएमनंतर बाँड, म्हणजे सक्तीची सरकारी सेवा, असतो, मग जो तो आपल्या वाटेने. पूर्वी सगळे मुंबई-पुण्यातच राहायचे. आता लातूर, नांदेड, जळगाव, सांगली, अशा गावांत कॅथलॅब झाल्यात. गोव्यात तर बांबोळीच्या गोमेकॉला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजला, मध्यभागी धरून तालुक्याच्या दवाखान्यांतून झटक्याचे ईसीजी पाठवण्याची व्यवस्था उभी राहिली. हे फार चांगलं झालं. हार्ट अटॅकमध्ये तासातासाने हृदयाचा स्नायू मरतो, आणि मुंबईपर्यंतचा रस्ता कुणाला परवडणारा नाही. पण त्या गावात रात्री तीनला टेबलापाशी उभा असलेला तेहतीस वर्षांचा मुलगा एकटा असतो. बायपासचा सर्जन शंभर-दीडशे किलोमीटरवर. खांद्यामागे हाताची घडी घालून कुणी नाही. तिथे 'सोड' कोण म्हणणार?

असाच एक जण, ज्याचा उल्लेख वर मेहुण्याच्या गोष्टीत आला तो, मराठवाड्यातल्या एका गावात लॅब चालवतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, रिटायर होऊन काय करताय? इथे या. टेक्निशियन मुलं हुशार आहेत पण मला घाबरतात. प्रेशर पडलं तरी ओरडत नाहीत, वाट बघतात. तुम्ही येऊन त्यांना ओरडायला शिकवा." मी म्हटलं, ओरडायला शिकवायचं असेल तर आधी तुला ऐकायला शिकवावं लागेल. तो हसला. राहायची सोय करतो म्हणाला, दवाखान्याच्या वरच खोली आहे. पगाराचं विचारलं तेव्हा मात्र "येऊन तर बघा" असं म्हणून त्याने विषय बदलला. ही टाळाटाळ त्याने सरांकडून उचललेली नाही, ती प्रायव्हेट प्रॅक्टिसची देन आहे. बायको म्हणते, दोन महिने जाऊन बघायला काय हरकत आहे, उन्हाळा संपल्यावर.